थव्यातला भुरा: हंस आणि कुरवांच्या हिवाळी प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर

प्रकल्प कागदावर आला. यंदा दोनच प्रश्न घेतलेत. गेल्या हिवाळ्यात सात घेतले होते आणि एकाचंही धड उत्तर निघालं नाही.

प्रश्न पहिला. जलाशयावर दर हिवाळ्यात पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस) उतरतात, त्यांच्या थव्यात दुसऱ्या जातीचा एखादा हंस मिसळलेला असतो का? कलहंस, पांढऱ्या कपाळाचा हंस, त्याचाच छोटा भाऊबंद, बीन हंस, कुणीही. आपण थवा दिसला की 'पट्टकादंब, २००' लिहून चहा प्यायला मोकळे. त्या दोनशेंचे दोनशे चेहरे कुणी बघितलेत?

प्रश्न दुसरा. मासळी उतरते त्या किनाऱ्यावर मोठ्या कुरवांचा (इंग्रजीत 'गल' म्हणतात ते पाणपक्षी) जो घोळका बसतो, त्यातल्या किती पक्ष्यांची जात खात्रीने सांगता येते? सगळ्यांची येणार नाही हे आत्ताच माहीत आहे. किती जणांची येत नाही, तो आकडा हवाय.

आम्ही तिघं. मी, काका (यांनीच मला दुर्बीण धरायला शिकवली) आणि कॅमेरावाली. ती कॉलेजात आहे, तिची नजर आमच्या दोघांच्या बेरजेपेक्षा तेज आहे आणि हे तिला कळलेलं आहे.

नियम तीन. वर्णन आधी लिहायचं, पुस्तक नंतर उघडायचं. एका खुणेवर नाव नाही, किमान तीन हव्यात. आणि जागेचं नाव या वहीत येणार नाही. दुर्मिळ हंस सापडला की दुसऱ्या दिवशी काठावर गाड्यांची रांग लागते आणि दिवसा झोपायला आलेला थवा दिवसभर उडत बसतो. एकदा बघितलंय, पुन्हा बघायचं नाही.

९ नोव्हेंबर

जलाशय. हंस शून्य. चक्रवाक ४२, शेकाट्या अगणित. पाणी अजून वर आहे, गाळाचा पट्टा उघडाच पडलेला नाही. हंस बसणार कुठे? ट्रायपॉडची प्लेट घरी राहिली. स्कोप (तिवईवर लावायची मोठी दुर्बीण) माझ्या खांद्यावर टेकवून काकांनी दोन तास बघितलं. त्यात निम्मा वेळ माझ्या श्वासाला शिव्या.

२३ नोव्हेंबर

आले. ३४ पट्टकादंब, पलीकडच्या गाळावर.

काकांनी मोजायला नाही, बघायला बसवलं. डावीकडून सुरुवात, एकेक डोकं, 'प्रौढ' किंवा 'पिल्लू' म्हणायचं आणि पुढे. प्रौढ सोपे: पांढरं डोकं, मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, मानेच्या बाजूने उतरणारी पांढरी रेघ. अंग राखाडी, उन्हात चांदीसारखं. पिल्लांना, म्हणजे याच उन्हाळ्यात जन्मलेल्यांना, ते पट्टे नसतात. चेहरा मळकट पांढरा, डोक्याचा माथा आणि मानेची मागची बाजू सलग करडी.

सव्विसाव्या पक्ष्यावर मी अडकलो. पट्टे नाहीत, माथा गडद, चेहरा फिका, बाकीच्यांपेक्षा थोडा बारीक. हात थरथरायला लागला होता. "वेगळा आहे, काका." त्यांनी स्कोपला डोळाही लावला नाही. "शेजारी कोण बसलंय?" दोन प्रौढ आणि असंच अजून एक. "मग कुटुंब आहे ते. आईबापांबरोबर आलंय पोर." हंसांची पिल्लं पहिला हिवाळा आईबापांच्या सोबतीनेच काढतात. हे मला पाठ होतं, पण स्कोपमध्ये बघताना पाठांतर आठवत नाही.

निकाल: प्रौढ २७, पिल्लं ७, इतर ०. पण आता चौतीसच्या चौतीस चेहरे माहितीचे आहेत.

परतताना काकांनी नेहमीची गोष्ट काढली, हे हंस एव्हरेस्टच्या डोक्यावरून उडत येतात ही. कॅमेरावालीने त्यांना थांबवलं. या हंसांच्या अंगात यंत्रं बसवून केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत जास्त नोंदली गेलेली उंची ७,२९० मीटर आहे. आणि एकदा वर चढले की ते वरच राहतात असंही नाही. दरी आली की खाली उतरतात, डोंगर आला की पुन्हा चढतात, जमिनीला धरून. चढलेली उंची सोडून देणं वेडेपणा वाटतो, पण विरळ हवेत पंख मारण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. काका म्हणाले, "म्हणजे एव्हरेस्ट नाही?" ती म्हणाली, "काका, सात हजार कमी आहेत का?" मग बराच वेळ गाडीत शांतता.

३० नोव्हेंबर

किनारा. आज मुद्दाम फक्त लहान कुरव. मोठ्यांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मान वळत होतीच.

हिवाळ्यात तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं तपकिरी नसतं आणि काळ्या डोक्याच्याचं काळं नसतं. दोघांच्याही कानामागे एक गडद डाग तेवढा उरतो. नावं ठेवणाऱ्यांनी विणीच्या हंगामातले पक्षी बघून ठेवली. आपल्याकडे येतात तेव्हा ते नावाला जागत नाहीत.

बसलेला असेल तर डोळा बघायचा. तपकिरी डोक्याच्या प्रौढाची बुबुळं फिकी, त्यामुळे नजर रागीट वाटते. काळ्या डोक्याच्याची गडद, त्यामुळे भोळी. पहिला अंगानेही थोराड, चोच जाड. उडाला की प्रश्नच मिटतो. काळ्या डोक्याच्याच्या पंखाची पुढची कड टोकापर्यंत पांढरी, लांब पाचर ठोकल्यासारखी, आणि काळं फक्त टोकाच्या काठाला. तपकिरी डोक्याच्याचं पंखाचं टोकच्या टोक काळं, त्यात दोन पांढरे ठिपके. या ठिपक्यांना 'मिरर' म्हणतात. मात्र पहिल्या हिवाळ्यातल्या तपकिरी डोक्याच्या पिल्लाला हे मिरर नसतात आणि त्याचा डोळाही गडद असतो. म्हणजे दोन ठळक खुणा एकदम गायब. तिथे चोचीची जाडी आणि पंखावरच्या काळ्याची मांडणी एवढंच हातात राहतं.

तपकिरी ११८, काळे ६१, न ठरलेले ९. आणि एक जादाचा आनंद: बारीक चोचीचा कुरव, २. कानामागे डाग जवळजवळ नाहीच, कपाळ चोचीत उतरत जाणारं, मान लांब करून उभे. जणू कुणीतरी नेहमीचा कुरव धरून दोन्हीकडून ओढलाय.

७ डिसेंबर

किनारा, मोठे कुरव. मासळीचा लिलाव संपल्यावर, साडेआठ ते अकरा.

नाव घ्यायचं धाडस होईल असे दोनच उमेदवार. एक ह्यूग्लिनचा कुरव, उत्तर रशियाच्या टुंड्रातून येणारा, पाठ गडद पाटीच्या रंगाची. दुसरा स्टेप कुरव, नैर्ऋत्य सायबेरिया आणि कझाकस्तानच्या गवताळ भागातला, पाठ थोडी फिकी, डोकं गोलसर, डोळा बऱ्याचदा गडद. सगळी ग्यानबाची मेख 'थोडी' आणि 'बऱ्याचदा' या दोन शब्दांत आहे.

मोठ्या कुरवांना पूर्ण प्रौढ व्हायला चार वर्षं लागतात आणि दरवर्षी कपडे वेगळे. पहिल्या हिवाळ्यात सगळं तपकिरी ठिपक्याठिपक्यांचं; पुढे पाठीवर राखाडी पिसं डोकावायला लागतात; मग चोच पिवळी होते, पण काळा पट्टा सुटत नाही. म्हणजे दोन जाती गुणिले चार वयं, त्यात अर्धवट पिसं बदललेले.

पिसं बदलण्याचीच आज गंमत झाली. जाती वेगळ्या करताना पंखाच्या टोकावरचं काळं-पांढरं पुस्तकं अगत्याने दाखवतात. आमच्या समोर सहा गडद प्रौढ बसले होते आणि सहापैकी चौघांची सर्वांत बाहेरची पिसं अजून वाढतच होती. टोकच पूर्ण नाही, तर टोकावरची नक्षी कुठून बघणार? ह्यूग्लिनचं हे काम फार उशिरा संपतं, जानेवारी उलटून जातो. म्हणजे ही किल्ली आम्हाला फेब्रुवारीच्या आधी मिळायची नाही.

ह्यूग्लिन ४ (पाठ फार गडद, शंका नाही), स्टेप ३, ठरले नाहीत २२. आकडा लिहिताना जरा लाज वाटली. काकांनी वहीत डोकावून 'ठरले नाहीत'खाली रेघ मारली. खोडायला नाही, ठळक करायला.

१४ डिसेंबर

घरी, फोटो. ४१२ होते.

पाठीचा राखाडी रंग मोजायची एक रीत आहे. कोडॅकची राखाडी पट्टी, ० म्हणजे पांढरा, १९ म्हणजे काळा, मधे पायऱ्या. कुरवांच्या जाणकारांच्या लिखाणात प्रत्येक जातीला या पट्टीवरचे आकडे दिलेले असतात. वाटलं, फोटोतून आपणही काढू. कॅमेरावालीने एकाच पक्ष्याचे तीन मिनिटांच्या अंतराने काढलेले दोन फोटो शेजारी ठेवले. पायातल्या गुलाबी धाग्यामुळे पक्षी तोच हे नक्की (धागा जाळ्याचा, पायात गुंतलेला, चालत नीट होता). पहिल्या फोटोत तो आपल्याकडे शेपूट करून उभा, पाठ फिकी, बघताक्षणी स्टेप म्हणावा. दुसऱ्यात एका अंगावर वळलेला, वर ढग आलेला, आणि पाठ इतकी गडद की ह्यूग्लिन.

एकच पक्षी, दोन जाती, तीन मिनिटं. पट्टीचा बेत रद्द. रंगाची तुलना एकाच फोटोत, एकाच दिशेला तोंड करून, शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या पक्ष्यांचीच करायची. सातव्या डिसेंबरच्या तीन 'स्टेप'पैकी दोन परत 'ठरले नाहीत'मध्ये गेले. आता २४.

जातीजातींत हे असं मिसळलेलं असणं हा काही आमच्या डोळ्यांचा दोष नाही. हेरिंग कुरव आणि त्याचे नातलग यांनी ध्रुवाभोवती एक कडं केलंय, शेजारी शेजाऱ्याशी जुळतो पण दोन्ही टोकं जुळत नाहीत, असं जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायरने १९४२ मध्ये मांडलं. पुढे पिढ्यानुपिढ्या पाठ्यपुस्तकांत ते चित्र छापलं गेलं. २००४ मध्ये डीएनए तपासल्यावर कळलं की कडं तसं बंद होतच नाही. मोठमोठ्यांचा घोळ झालाय तिथे आमचे २४ म्हणजे काहीच नाहीत. असं मी म्हणालो, तर कॅमेरावाली म्हणाली, "दादा, त्यांनी नमुने तपासले होते. आपण अजून फोटोच कापतोय."

२१ डिसेंबर

जलाशय. ही नोंद सविस्तर.

सकाळी ७:१०. थवा गाळावर, १८३. हंस रात्री शेतांत चरतात आणि दिवसा उघड्यावर येऊन झोपतात, म्हणून सकाळचा पहिला तास सोडला तर निम्म्यांची डोकी पंखात असतात. डोकंच दिसणार नसेल तर आमची सगळी पद्धत बाद.

७:४०. कॅमेरावाली: "एक भुरा आहे." मला दिसेना. तिने पत्ता दिला: बाभळीच्या वाळक्या खुंटाच्या डावीकडे, तीन झोपलेले, त्यांच्या मागे अर्धा. सापडला. राखाडीत चांदी नाही, मातकट तपकिरी. डोकं पंखात. बाकी काही नाही.

तीन तास वाट बघितली. लिहायला घेतलं तेव्हा सगळ्यांकडून तीच एक गोष्ट लिहिली गेली: झोपलाय. मधे तो एका पायावरून दुसऱ्या पायावर गेला तेव्हा पाय दिसले, नारिंगी. पट्टकादंबांचेही पाय त्याच अंगाचे असतात, त्यामुळे एवढ्यावरून उडी मारायला नको. पण कलहंसाचे गुलाबी असतात. कलहंस बाद.

१०:५०. काठावरून कुत्री सुटली आणि थवा उठला. भुरा आमच्या समोरून गेला. पंखाची पुढची बाजू वरून गडदच. कलहंसाची लख्ख फिकी राखाडी असते, म्हणजे तो दुसऱ्यांदा बाद. पोट स्वच्छ, काळे आडवे फराटे नाहीत. चोच? कुणीच बघितली नाही. तिघंही पंख बघत होतो.

थवा लांब पूर्वेला उतरला, झळीत. पन्नास पटीवर स्कोप लावला तर हंस पाण्यात विरघळल्यासारखे दिसत होते.

राहिले तीन संशयित. बीन हंस. पांढऱ्या कपाळाच्या हंसाचं चालू सालचं पिल्लू, कारण पिल्लाला पांढरं कपाळही नसतं आणि पोटावरचे काळे फराटेही नसतात. आणि छोट्या पांढऱ्या कपाळाच्या हंसाचं पिल्लू. तो जगभरात संकटात आहे. त्याचं नाव घेताना काकांनीही आवाज खाली आणला.

२२ डिसेंबर

कामावर दांडी मारून परत गेलो. थवा ९६. भुरा नाही. काकांशी वाद झाला. त्यांचं म्हणणं, आकाराने लहान होता. माझं म्हणणं, झोपलेला पक्षी लहानच दिसतो. दोघांनीही आधीच मनात नाव ठरवलं होतं. त्यांचं जास्त दुर्मिळ होतं, माझं कमी. शहाणपण वगैरे त्यात काही नव्हतं.

२८ डिसेंबर

नाही. संध्याकाळी थवा शेताकडे जाताना वाटेवर उभं राहून मोजला, अंधार पडेपर्यंत. आकाशातल्या रांगेत भुरा कोण, राखाडी कोण, काही कळत नाही. आवाजावरून कळेल असं वाटलं होतं. पट्टकादंब नाकातून, संथ, ओळखीचं बोलतात. त्यात एक उंच, हसल्यासारखा स्वर दोनदा आला. काकांना ऐकू आला नाही. कानांचं वय झालंय म्हणाले. नोंदीत 'शक्य' एवढंच.

४ जानेवारी

सापडला. ८:२५, दक्षिणेकडच्या खाडीत, ३१ पट्टकादंबांत. जागा. चरत होता.

वर्णन, पुस्तक न उघडता, तिघांनी वेगवेगळ्या कागदांवर:

मी: सगळा तपकिरी, कुशीला पांढरी रेघ. चोच फिकट गुलाबी, टोकाचं नख काळपट. चोचीच्या बुडाशी पांढरट पिसांची बारीक, तुटक कड. पोट साधं. पाय नारिंगी.

काका: शेजारच्या पट्टकादंबापेक्षा किंचित लहान, फार नाही. चोच लांब वाटते, डोकं लांबट. संथ चरतो.

कॅमेरावाली: बसल्यावर पंखाची टोकं शेपटीच्या टोकाशी संपतात, बाहेर येत नाहीत. डोळ्याभोवती कडं नाही. (खाली पेन्सिलीने: एका फोटोत आहे??)

त्या पेन्सिलीतल्या ओळीवर दुपार गेली. छोट्या पांढऱ्या कपाळाच्या हंसाच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं, पिल्लालाही, आणि लोक तेवढं बघून नाव लावतात. ७७ फोटोंपैकी एकात पिवळसर कडा दिसत होती. बाकी ७६ मध्ये नाही. त्या एकात ऊन समोरून, चोचीवर चमक आणि बुबुळाच्या खालच्या बाजूला उजेडाचा थेंब. शिवाय साध्या, म्हणजे मोठ्या पांढऱ्या कपाळाच्या हंसालाही कधीकधी पुसटशी पिवळी किनार असू शकते. म्हणून कड्याला बाजूला ठेवून बाकीच्या खुणा घेतल्या. चोच: छोट्याची आखूड, त्रिकोणी, बाळबोध चेहरा, याची लांब. आकार: छोटा पट्टकादंबाशेजारी उघड उघड लहान दिसायला हवा, हा नव्हता. पंख: छोट्याची टोकं शेपटीच्या पुढे जातात, याची नाहीत. बीन हंसाची चोच काळी-नारिंगी असते, तो सकाळीच गेला होता.

निर्णय: पांढऱ्या कपाळाचा हंस, पहिला हिवाळा. कपाळाचं पांढरं आत्ता कुठे उगवतंय.

काकांचं तोंड एवढंसं झालं. मग म्हणाले, "तरी मला आयुष्यातला दुसराच." मला पहिला. कॅमेरावालीला काहीच विशेष नाही, तिने एव्हाना फाईलला नाव देऊन टाकलं होतं: 'भुरा'.

या वयाचा हंस आईबापांबरोबर हवा. याचे कुठे वाट चुकले, याने कुणाच्या मागे उडायला सुरुवात केली, माहीत नाही. पट्टकादंब त्याला हाकलत नव्हते, जवळही करत नव्हते. तो दर वेळी कडेला, पण थव्यातच.

११ जानेवारी

आशियाई पाणपक्षी गणना. १९८७ पासून दर जानेवारीत चालते, त्यामुळे आजचा आकडा आमच्या वहीपुरता नाही. पट्टकादंब २०६, दोनदा मोजून. पहिल्यांदा २११ आले होते. भुरा १. एका पट्टकादंबाच्या गळ्यात हिरवी कॉलर. मंगोलियात अशा कॉलरी घातलेले पट्टकादंब भारतात दिसलेले आहेत. पहिलं अक्षर वाचलं, दुसरं वाचताना पक्ष्याने मान खाली घातली आणि चिखलात घातलेली मान पुन्हा वर आली तेव्हा अक्षरांवर चिखल होता.

१८ जानेवारी

किनारा. पलासचा कुरव, ७. याला बघितलं की बाकीचे मोठे कुरवही लहान वाटतात. प्रौढाची चोच पिवळी, टोकाला काळा पट्टा आणि लाल. हिवाळ्यात डोळ्यामागे काळपट मुखवटा आणि डोळ्याच्या वर-खाली पांढऱ्या चंद्रकोरी.

सातांत एक पहिल्या हिवाळ्यातला. फिकी चोच, काळं टोक, मानेमागे मळकट शाल, शेपटीला कडक काळी पट्टी आणि पाठीवर आत्ताच स्वच्छ राखाडी. याच वयाच्या बाकीच्या मोठ्या कुरवांची पाठ अजून ठिपक्यांचीच असते. त्याच्याकडे बघता बघता पोटात गोळा आला. घरी येऊन डिसेंबरचे फोटो उघडले. 'ठरले नाहीत'मधला क्रमांक ११ आणि १९: राखाडी पाठ, चंद्रकोरी, लांब उतरतं कपाळ. दीड महिना माझ्यासमोर पडलेले पलासचे कुरव. मी दोनच उमेदवार धरले होते आणि तिसरा समोर असून दिसत नव्हता.

२४ मधून २ वजा. हे दोन तरी बरोबर दिशेने गेले.

१ फेब्रुवारी

भुऱ्यामुळे जुन्या वह्या काढल्या. नऊ वर्षांपूर्वीची माझी नोंद: 'कलहंस ६, जवळून, खात्रीने.' खाली दोन रेघा. फोटो एकच आहे आणि तो बघवत नाही. सहाही जण मागून जड, पोट जमिनीला टेकायला आलेलं, एकाच्या पंखात दोन पांढरी पिसं, आणि मागे कुंपणाची तार. कुणाचे तरी पाळलेले हंस. पाळीव हंसांची एक ओळ कलहंसापासूनच आलेली आहे, त्यामुळे चेहरा तोच. पण रानातला कलहंस असा फुगलेल्या उशीसारखा बसत नाही.

नोंद रद्द केली. ती मी दोन ठिकाणी कळवली होती. दोन्हीकडे पत्र धाडलं. एकीकडून लगेच उत्तर आलं, धन्यवाद, दुरुस्त केलं. दुसरीकडे ती नोंद यादीत आणखी किती वर्षं राहील देव जाणे.

१५ फेब्रुवारी

किनारा. गडद प्रौढांची पंखांची टोकं अखेर पूर्ण. उडताना ५८ फोटो. यातून ह्यूग्लिन ३, स्टेप २ सुटले. पाच पक्षी सोडवायला सव्वादोन महिने लागले, हा हिशेब कुणाला सांगू नये.

तपकिरी डोक्याच्या दोघांच्या डोक्यावर रंग चढायला लागलाय, कपाळापासून नाही, मागून आणि कडेने, अर्धवट घातलेल्या टोपीसारखा.

८ मार्च

जलाशय. पट्टकादंब ३८. मोठे थवे गेले. भुरा अजून आहे. कपाळ आता लांबूनही पांढरं दिसतं; आज त्याला कुणीही ओळखेल. डिसेंबरमध्ये असाच आला असता तर आमच्या सात फेऱ्या वाचल्या असत्या.

संध्याकाळी ६:३५ ला थवा उठला. नेहमी शेताकडे, पश्चिमेला जातात. आज दोन फेऱ्या मारून उंच गेले आणि उत्तरेला वळले. भुरा डाव्या रांगेत शेवटून दुसरा. काकांनी दुर्बीण खाली घेतली नाही, मला दिसेनासे झाल्यावरही बराच वेळ.

१५ मार्च

जलाशय रिकामा. चक्रवाक ५.

प्रश्न पहिला: असतो, यंदा एक. प्रश्न दुसरा: सातव्या डिसेंबरच्या २९ पैकी १२ ठरले, १७ नाहीत. पिसांचे, चोचीचे, पायांचे सगळे फोटो एका फोल्डरमध्ये टाकले. कॅमेरावालीने फोल्डरला नाव दिलंय, 'बघू'.